मार्विन ब्राउडी सायकल मार्ग

मार्विन ब्राउडी सायकल मार्ग हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस काउंटीत प्रशांत महासागराच्या काठाने जाणारा फरसबंद मार्ग आहे. त्याची लांबी सुमारे ३५ किलोमीटर असून तो ‘द स्ट्रँड’ या नावानेही ओळखला जातो. १९६५ ते १९९७ या काळात लॉस एंजेलिसचे नगरसेवक असलेले सायकलप्रेमी मार्विन ब्राउडी यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. भाड्याची सायकल किंवा चाकांचे स्केट घेऊन समुद्रकिनारा पाहणाऱ्यांमध्ये हा मार्ग लोकप्रिय आहे.

मार्गाचे स्वरूप

उत्तरेस विल रॉजर्स किनाऱ्यापासून निघणारा हा मार्ग सँटा मोनिका व व्हेनिसमधून दक्षिणेस टॉरन्सपर्यंत जातो. सँटा मोनिकाचा १९०९ साली खुला झालेला धक्का आणि ॲबट किनी यांनी १९०५ साली वसवलेले व्हेनिस ही वाटेतील प्रमुख आकर्षणे होत. मरीना डेल रे येथे नौकांचे बंदर आड येत असल्याने मार्ग किनारा सोडून आतल्या बाजूने वळसा घेतो. पुढे डॉकवाइलर किनाऱ्यावर विमानतळावरून उडालेली विमाने डोक्यावरून जातात, तर एल सेगुंडोजवळ तेलशुद्धीकरण कारखाना लागतो.

भाड्याची साधने

सँटा मोनिका व व्हेनिस येथील दुकानांत सायकली व स्केट तासाच्या किंवा दिवसाच्या भाड्याने मिळतात. रुंद टायरच्या काही सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पायटे उलटे फिरवले की चाक थांबते. १९७०च्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आल्यावर व्हेनिस हे रोलर स्केटिंगचे केंद्र बनले. त्यानंतर एका ओळीत चाके असलेले स्केट लोकप्रिय झाले. मिनेसोटातील ओल्सन बंधूंनी १९८०च्या सुमारास आइस हॉकीच्या उन्हाळी सरावासाठी त्यांना आधुनिक रूप दिले होते. अशा स्केटमध्ये बहुधा एका टाचेमागे रबरी ब्रेक असतो.

नियम व सुरक्षितता

मार्गाच्या बहुतांश भागात मोटारींना प्रवेश नाही. तथापि वेगवान सायकलस्वार, नवशिके स्केटपटू व पादचारी एकत्र आल्यास टक्कर होण्याचा धोका असतो. त्यामुळे काही ठिकाणी पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट आखलेली आहे. हर्मोसा बीचच्या धक्क्याजवळ गर्दीच्या वेळी सायकलवरून उतरून ती हाताने न्यावी लागते. राज्याच्या कायद्यानुसार सायकल किंवा स्केट चालवणाऱ्या १८ वर्षांखालील व्यक्तींना शिरस्त्राण सक्तीचे आहे. वाऱ्याने फरसबंदीवर येणाऱ्या वाळूत स्केटची लहान चाके अडकतात. दुपारनंतर वारा समुद्रावरून वाहतो व उत्तरेकडे परतताना तो अनेकदा समोरून लागतो. म्हणून परतीसाठी शक्ती राखणे हिताचे ठरते.

सार्वजनिक किनारा

आज या मार्गावरून कोणीही विनाशुल्क जाऊ शकतो. परंतु हा किनारा सर्वांना नेहमीच सारखा खुला नव्हता. वंशभेदाच्या काळात सँटा मोनिकातील बे स्ट्रीटलगतचा किनारा हे कृष्णवर्णीयांचे भेटीचे ठिकाण होते. मॅनहॅटन बीच येथे विला व चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ पासून आपल्या समाजातील पर्यटकांसाठी विश्रामस्थळ चालवले. तेथे येणाऱ्यांना त्रास देण्यात आला आणि १९२४ साली नगर प्रशासनाने उद्यानाचे कारण देऊन ती जमीन ताब्यात घेण्याची कारवाई सुरू केली. पुढे अनेक दशके ती जागा मोकळीच राहिली. २०२२ साली लॉस एंजेलिस काउंटीने तेथील भूखंड ब्रूस यांच्या वंशजांना परत दिले. २०२३ साली काउंटीने ते सुमारे २ कोटी डॉलरला पुन्हा विकत घेतले.

१९७६ च्या कॅलिफोर्निया किनारा कायद्याने लोकांना समुद्रापर्यंत जास्तीत जास्त प्रवेश मिळवून देणे हे राज्याचे उद्दिष्ट ठरवले. घर किंवा जमीन नसलेल्या माणसालाही थोड्या भाड्यात हा किनारा पालथा घालता येतो, यात या सार्वजनिक मार्गाचे महत्त्व आहे.