लोकांच्या दारी आलेला सरकारी वकील

सरकारी वकील म्हटले म्हणजे काळा डगला घातलेला, आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट रोखून न्यायाधीशांपुढे आवेशाने बोलणारा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. गुन्हा घडावा, पोलिसांनी तपास करावा आणि मग कागदांचे पुडके वकिलाच्या मेजावर येऊन पडावे, असाच त्याच्या कामाचा क्रम आपण धरून चालतो. परंतु गुन्हा घडण्यापूर्वीच या वकिलाला काही करता येईल काय? अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९९० साली या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न झाला. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

प्रथम दोन्ही देशांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. अमेरिकेत स्थानिक फौजदारी खटले चालविणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यास बहुधा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी म्हणतात, आणि बहुतेक राज्यांत त्यास लोकच मते देऊन निवडतात. पोर्टलंड ज्या ऑरेगन राज्यात आहे तेथे त्याची मुदत चार वर्षांची असते. आपल्याकडे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाची नेमणूक राज्य शासन करते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सामान्यतः जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी तयार करतात, आणि त्या पदासाठी निदान सात वर्षांची वकिली आवश्यक असते. अर्थात, अमेरिकेतील वकिलास मतदारांपुढे जाऊन उभे राहावे लागते. आपल्याकडील वकिलास तसे लागत नाही.

पोर्टलंड ज्या मल्टनोमा काउंटीत मोडते, तेथे मायकेल श्रंक हे १९८१ पासून २०१२ पर्यंत या पदावर होते. शहरातील लॉइड नावाच्या भागात त्या सुमारास मोठमोठी दुकाने व कचेऱ्या होत्या, आणि एक विस्तीर्ण संमेलनगृहही तेथे उभे राहत होते. परंतु रस्त्यावरील मद्यपान, मोटारी फोडून होणाऱ्या चोऱ्या, उघड्यावर पडणारे मुक्काम यांमुळे लोक त्रासून गेले होते. यांतील एकेक अपराध पाहिला तर क्षुल्लक. न्यायालयात त्याची फारशी मातब्बरी नाही. तथापि रोज त्याच वाटेने जाणाऱ्या माणसास तोच उपद्रव जीव नकोसा करणारा वाटतो. व्यापाऱ्यांच्या मागणीवरून श्रंक यांनी वेन पिअरसन या साहाय्यकास न्यायालयाऐवजी त्या वस्तीतच बसून काम करण्यास पाठविले.

पिअरसन यांनी आधी लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. या भागाजवळून सुलिव्हन्स गल्च नावाची एक घळ जाते. तीतून लोहमार्ग व हमरस्ता गेलेला आहे. तेथे बेघर माणसांचे मुक्काम पडत, केरकचरा साचे, आणि शेजारच्या वस्तीस त्याचा उपसर्ग पोहोचे. एखाद्यास पकडावे, तो सुटावा आणि पुन्हा तेथेच यावा, हे चक्र खटल्यांनी थांबत नव्हते. तेव्हा पिअरसन यांनी रहिवासी, पोलीस व इतर संबंधितांना एकत्र आणले. घळ साफ करण्यात आली, मुक्कामास मनाई करणारे फलक लागले, रहिवाशांनी लक्ष ठेवावयाचे व पोलिसांनी फेरी मारावयाची असे ठरले. वकिलाचे कायद्याचे ज्ञान येथे खटला लढविण्याऐवजी खटल्याचे कारणच दूर करण्याच्या कामी आले. पुढे अशी पद्धत अमेरिकेतील इतर अनेक शहरांनीही उचलली.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या योजनेच्या आरंभीच्या खर्चाचा भार व्यापाऱ्यांनी उचलला होता. ज्याचा पैसा त्याचे गाऱ्हाणे आधी ऐकले जाईल, ही शंका त्यातून साहजिकच निर्माण होते. दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. घळीतून उठविलेल्या माणसाने जावे कोठे? २०१८ साली ऑरेगनवरही अधिकार चालणाऱ्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, निवाऱ्याची जागाच उपलब्ध नसता उघड्यावर झोपणाऱ्यास शिक्षा करणे हे संविधानाविरुद्ध होय. पुढे ऑरेगनमधीलच ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात, जून २०२४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच्या उलट निर्णय देऊन सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास बंदी घालण्याची मुभा गावांना दिली. संविधानाच्या त्या मुद्द्यापुरता वाद मिटला. पण त्या रात्री डोके कोठे टेकावे, हा बेघराचा प्रश्न निकालाने सुटला नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ सालीच एक तत्त्व घालून दिले आहे : सरकारी वकिलाचे हित खटला जिंकण्यात नसून न्याय होण्यात आहे. आपल्या देशातील न्यायालयांचीही धारणा हीच आहे. हे तत्त्व वस्तीत जाऊन बसणाऱ्या वकिलास तर विशेषच लागू पडते. सभेला जे येतात त्यांचे म्हणणे त्याने ऐकावेच. परंतु ज्याला सभेचे बोलावणेही जात नाही, त्याची बाजू विसरता कामा नये.

आपल्याकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने गावोगावी व शाळांतूनही कायदेविषयक शिबिरे भरतात. विद्यार्थिमित्रहो, असे शिबिर आपल्या शाळेत भरले तर आपल्या गल्लीतील अडचण तेथे निःसंकोचपणे विचारावी. मात्र विचारण्यापूर्वी क्षणभर मनाशी असेही म्हणावे, की या अडचणीत सापडलेला दुसरा माणूस कोण आहे, आणि तो येथे असता तर काय बोलला असता? सुरक्षितता आणि न्याय यांची गाठ तेथेच पडते.