प्रथिनांतील मळसूत्र आणि बडोद्याचा विद्यार्थी

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ हे त्यांचे सहमानकरी होते. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोम या यंत्राची रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल हा सन्मान होता. लाखो अणूंच्या या गुंत्यात वाट शोधताना संशोधकांना ज्या खुणा उपयोगी पडल्या, त्यांपैकी एक होती प्रथिनांमधील मळसूत्री वळण, म्हणजेच ‘अल्फा हेलिक्स’.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिचा कणा सर्वत्र सारखाच असतो. प्रत्येक दुव्याला जोडलेला पार्श्वगट मात्र निरनिराळा. कण्यामध्ये ठरावीक अंतराने नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन आणि कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन येतो. हायड्रोजनवर किंचित धन आणि ऑक्सिजनवर किंचित ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांकडे ओढले जातात. या ओढीलाच हायड्रोजन बंध म्हणतात.

साखळी उजव्या मळसूत्राप्रमाणे वळली की एका दुव्याचा ऑक्सिजन त्याच्या पुढच्या चौथ्या दुव्याच्या हायड्रोजनसमोर नेमका येतो. दीपगृहातील गोल जिन्याची कल्पना केली तर हे सहज ध्यानात येईल. प्रत्येक दुवा ही एक पायरी. पायरीची उंची ०.१५ नॅनोमीटर. एका वेढ्यात ३.६ पायऱ्या बसतात आणि पूर्ण वेढा ०.५४ नॅनोमीटर उंच होतो. बंध जिन्याच्या उभ्या दिशेला जवळजवळ समांतर राहतात आणि पार्श्वगट बाहेरच्या बाजूला वळतात.

एकटा हायड्रोजन बंध दुबळाच असतो. सुंभाचा एकेक धागा बोटांनीही तुटतो, पण पीळ दिलेला दोर होडी बांधून ठेवतो; तसेच येथे घडते. शिवाय साखळी पाण्यात मोकळी असताना तिचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याशी बंध जोडू शकतात. प्रथिनाची घडी होऊन साखळीचा भाग आत गेला की तेथे पाणी उरत नाही. मळसूत्रात कणा आपली ही गरज स्वतःच भागवतो. अपवाद टोकांचा. पहिल्या चार दुव्यांचे हायड्रोजन आणि अखेरच्या चार दुव्यांचे ऑक्सिजन यांना मळसूत्रात जोडीदार मिळत नाही. प्रोलीन या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवर तर साखळीत गुंफल्यावर बंधासाठी हायड्रोजनच उरत नाही. म्हणून ते मध्ये आले की मळसूत्र वाकते किंवा तुटते.

ही रचना लायनस पॉलिंग यांना १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये आजारपणात अंथरुणावर पडले असताना सुचली. त्यांनी कागदावर साखळी रेखाटली आणि कागदाला घड्या घालून पाहिल्या. दुव्यांना जोडणारा बंध सपाट असतो, तो पिळता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. केंब्रिजमधील शास्त्रज्ञ एका वेढ्यात पूर्णांकी दुवे बसवू पाहत होते. पॉलिंग यांनी ती अट सोडून दिली आणि ३.६ हा अपूर्णांक स्वीकारला. रॉबर्ट कोरी व हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह त्यांनी १९५१ साली ही रचना प्रसिद्ध केली. त्यानंतर लगेचच केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी घोड्याच्या केसावर क्ष-किरण सोडले आणि एका पायरीच्या ०.१५ नॅनोमीटर उंचीची खूण त्यांना सापडली.

केसातील केराटिन हे प्रथिनही अशाच मळसूत्रांचे असते. ओले केस गुंडाळून वाळवले की वळण टिकते आणि पावसाळ्यातील दमट हवेत ते उतरते. पाणी केसातील हायड्रोजन बंध सैल करते आणि केस वाळताना ते नव्या जागी जुळतात.

पेरुट्झ पुढे केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. रामकृष्णन १९९९ साली याच प्रयोगशाळेत रुजू झाले. बडोदा विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले सी. व्ही. रामकृष्णन हे त्यांचे वडील, आई आर. राजलक्ष्मी याही संशोधक होत्या. मुलाने मात्र भौतिकशास्त्र निवडले. त्याच विषयात अमेरिकेत डॉक्टरेट मिळवल्यानंतर ते जीवशास्त्राकडे वळले.

उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग त्यांच्या गटाने स्फटिकरूपात अभ्यासला. १९९९ साली त्यांच्या हाती आलेले चित्र अजून धूसर होते, त्याची सूक्ष्मता ०.५५ नॅनोमीटर एवढीच होती. सुटे अणू दिसत नव्हते, पण प्रथिनांतील मळसूत्रे दांड्यांसारखी ओळखू येत होती. ज्या सात प्रथिनांची रचना आधीच ठाऊक होती, ती या चित्रात आपापल्या जागी बसवता आली. पुढच्याच वर्षी हे चित्र ०.३ नॅनोमीटरपर्यंत स्पष्ट झाले.

त्याच वर्षी स्ट्रेप्टोमायसिनसह तीन प्रतिजैविके रायबोसोमला नेमकी कोठे चिकटतात, हेही या गटाने दाखवले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील पहिले परिणामकारक औषध. त्याला दाद न देणाऱ्या जीवाणूंमध्ये अनेकदा रायबोसोमच्या एस-१२ या प्रथिनातील एखादेच अमिनो आम्ल बदललेले आढळते. औषध निकामी का होते, याचे उत्तर अशा रचनांमध्ये मिळते आणि नव्या औषधाचा शोधही येथूनच पुढे जातो.