लुप्त संकेतस्थळे आणि कुलवृत्तांतातील वाङ्मयचौर्य

कुलवृत्तांताच्या संशोधनात आधार नष्ट होणे ही गोष्ट नवी नव्हे. दप्तरांना वाळवी लागते, वह्या पुरात जातात. संकेतस्थळाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते बंद पडते, पण त्यावरील मजकूर कर्त्याचे नाव गाळून इतरत्र फिरतच राहतो. 'जिओसिटीज' ही सेवा याहूने २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली, तेव्हा हौशी अभ्यासकांनी तेथे मांडलेल्या वंशावळींची अशीच गत झाली.

जन्ममृत्यूच्या तिथींवर कोणाची मालकी नसते, हे खरे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका दूरध्वनी-सूचीच्या खटल्यात तसा निर्णयही दिला आहे. तेव्हा वंशावळ उचलली तर बिघडले काय, असे पुष्कळांस वाटते. कायद्याच्या दृष्टीने कदाचित काही बिघडत नसेल. पुराव्याच्या दृष्टीने सारेच बिघडते.

समजा, मूळ कागदात एका पूर्वजाचे मृत्युवर्ष शके १६८२ आहे. त्यात ७८ मिळविण्याऐवजी कोणी अनवधानाने ८७ मिळविले व १७६९ हे इसवी सन पाच ठिकाणी उतरले. नवख्या अभ्यासकास हे पाच साक्षीदार वाटतात. वस्तुतः साक्षीदार एकच, आणि तोही चुकलेला. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध होताना पोथ्यांची केवळ संख्या मोजली गेली नाही. परस्परांपासून स्वतंत्र अशा परंपरांचे एकमत कोठे होते, ते पाहिले गेले. वंशावळींत हे स्वातंत्र्य तपासावयाचे तर कोणी कोणापासून घेतले हे कळले पाहिजे, आणि वाङ्मयचौर्याने नेमके तेच पुसले जाते.

लुप्त पृष्ठाचा मूळ पत्ता हाती असल्यास 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या २००१ पासून सर्वांस खुल्या असलेल्या 'वेबॅक मशीन'मध्ये तो प्रथम शोधावा. प्रत मिळाल्यास कर्ता, मूळ पत्ता व प्रत जतन झाल्याचा दिनांक, तिन्ही नोंदवावीत. त्या दिवशी पृष्ठावर असा मजकूर होता, एवढेच ती प्रत सिद्ध करते. मजकूर खरा होता असे नव्हे. प्रत न मिळाल्यास आपण ज्यावरून उतरविले त्याचेच नाव द्यावे, मूळ पृष्ठ स्वतः पाहिल्याचा आव आणू नये. कर्ता ठाऊक नसेल तर तसे लिहावे. टिपणे काढताना दुसऱ्याची वाक्ये अवतरणचिन्हांतच ठेवावीत. वर्षभराने ती आपलीच वाटू लागतात.

यानंतर मूळ साधनांकडे वळावे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद आहेत, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. तेथे शके पूर्वजाच्या काळीच लिहिलेला सापडू शकतो, आणि ७८ मिळविण्याचे काम आपल्याकडे राहते.