जुनी मर्सिडीज की नवी? सौद्यापूर्वीचा हिशेब

धंद्यात बरकत आली की सेकंडहँड मर्सिडीज घेण्याचा विचार अनेक व्यापारी बांधव करतात. मग सवाल येतो, जुनी घ्यावी की नवी? जुने तेवढे मजबूत आणि नवे तेवढे दिखाऊ, हे मत आम्हाला मान्य नाही. कापडात जसा प्रत्येक तागा उलगडून पाहतात, तशी प्रत्येक पिढी वेगळी पारखावी लागते.

या जर्मन कंपनीच्या मधल्या आकाराच्या गाड्याच घेऊ. १२३ क्रमांकाची पिढी १९७६ साली आली. दहा वर्षांत अशा सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. तिचे डिझेल इंजिन चालीला मंद, पण बनावट साधी. साधा मिस्त्रीही ते उघडून दुरुस्त करी. म्हणूनच जर्मनीपासून मोरोक्कोपर्यंत ती टॅक्सी म्हणून खपली.

१९८४ साली १२४ आली. १९९५ साली पुण्यात मर्सिडीज बनू लागली, ती याच पिढीची. परंतु या मजबूत पिढीतही १९९३ ते ९५ च्या सुमाराच्या अनेक पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या वायरींचे वेष्टण उष्णतेने ठिसूळ होऊन झडू लागले.

१९९५ ची २१० गोल दिव्यांमुळे देखणी, पण पत्र्याला गंज लागण्याबद्दल बदनाम झाली. २००२ च्या २११ मध्ये ब्रेकचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला. त्यातील दोषामुळे कंपनीने २००४ साली वेगवेगळ्या मॉडेलच्या सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २००६ साली याच पिढीत साधे ब्रेक पुन्हा बसवले.

मग नव्याचा फायदा काय? जिवाची हिफाजत. गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या कंपनीने १९९५ साली प्रथम आपल्या मोठ्या गाडीत आणली. १२३ मध्ये ती नाही.

आमचा सल्ला असा: रोज कुटुंबासह लांबचा प्रवास असेल तर नवी पिढी बरी. गाडी कमी चालणार असेल आणि जाणकार मिस्त्री जवळ असेल, तर जुनी डिझेल परवडेल. कोणतीही घ्या, बयाणा देण्याआधी गाडी वर उचलून तळाचा पत्रा पाहा, वायरी आणि ब्रेक तपासून घ्या, सुट्या भागांचे भाव विचारा. खरेदीची रक्कम हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा गॅरेजात चुकता करावा लागतो.