मधाच्या पोळ्यासारखा पाव

आमच्या घरात क्रीमरोलची एक चोरवाट होती. सासूबाई, म्हणजे मुलांच्या दादी, धाकट्याच्या हातात गुपचूप पैसे ठेवायच्या. तो कोपऱ्यावरून दोन क्रीमरोल आणायचा आणि असरच्या नमाजनंतर, मी स्वयंपाकात गुंतलेली असताना, आजी-नातू जिन्यात बसून ते संपवायचे. एके दिवशी दप्तर धुवायला काढले तर तळाशी चुरगळलेले कागद निघाले. त्याच आठवड्यात दादींची जेवणानंतरची साखर ३१० आली होती. औषध वेळेवर घेऊनही अशी का वाढली, म्हणून आम्ही सगळे चक्रावलो होतो.

मी धाकट्याला ओरडले. नऊ वर्षांचा आहे. रडला नाही, एवढेच म्हणाला, “अम्मी, दादीला गोड आवडतं. तू देत नाहीस, मग कोण देणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दादींना बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यांचे म्हणणे ठरलेले: पोरं वाळकी आहेत, खाऊ द्या चार घास गोड, अंगाला लागेल.

हे “वाळकी आहेत” प्रकरण आधी सांगते, कारण आपल्या बहुतेक घरांत गोड खाऊची सुरुवात तिथूनच होते. आणि याचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. इथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या आसपास. आपली बाळे लहान, हे सगळ्यांना दिसतच होते. पण मोजमाप केल्यावर कळले की स्नायू कमी आहेत, चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नाही. दिसायला काटकुळे, आतून चरबीदार. पुढे मधुमेह लवकर का गाठतो, याचे एक कारण इथे आहे. म्हणजे हाडे दिसणाऱ्या पोराला क्रीमरोल खाऊ घातला तर अंगाला लागते ते नेमके नको तेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातील मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर निघाला. प्रत्येक घरात एक तरी दादी किंवा दादा त्यात असणारच.

दादींना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरं. मग गोड काय देशील ते सांग.”

शेवटी उपाय सापडला तो आखातात राहून आलेल्या माझ्या खालाकडून. येमेन आणि आखाती देशांत रमजानमध्ये घरोघरी एक पाव करतात, ‘खलियत अन-नहल’, म्हणजे मधमाश्यांचे पोळे. पिठाच्या लहान लहान गोळ्यांत बहुधा चीज भरतात, गोल भांड्यात एकमेकांना चिकटवून ठेवतात आणि भाजल्यावर वर मध किंवा पाक ओततात. कापायचा नाही, ज्याने त्याने बोटांनी आपला गोळा सोडवून घ्यायचा. खालाने फोटो दाखवला तेव्हा थोरली म्हणाली, “हा तर आपला लादी पाव आहे.” खरेच की! लादीतला पाव आपण तसाच ओढून सोडवतो. पोर्तुगीजांचा ‘पाओ’ गोव्यात आला, तिथल्या पोदेरांनी तो मुंबईत नेला आणि आज लोणी काळभोरातही सकाळी दारात पाववाला येतो. फक्त आपल्याकडे त्याची मिसळीशी आणि खिम्याशी जोडी जमली, गोडाशी तेवढी नाही.

पहिल्या शनिवारी नुसते गव्हाचे पीठ घेऊन केला. जात्याचा खुंटा झाला. दुसऱ्या शनिवारी दूध जास्त गरम होते, यीस्ट मेले, पीठ जिथल्या तिथे बसून राहिले. त्याचे आम्ही तव्यावर पराठे केले आणि खाल्ले. तिसऱ्यांदा जमला. आता जे सांगते ते त्यानंतरचे.

२०० ग्रॅम गव्हाचे पीठ आणि १०० ग्रॅम मैदा. मैदा पूर्ण का काढला नाही, असे बऱ्याच भगिनी विचारतात. गव्हाच्या पिठात कोंडा असतो. पीठ मळताना त्यात जे चिवट जाळे तयार होते, ते हा कोंडा मधेमधे तोडतो. जाळे तुटले की यीस्टने केलेली हवा निसटते आणि पाव दगड होतो. तिसरा हिस्सा मैद्याने ते जाळे तग धरते. पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळले तर कोंडाच जातो, मग गव्हाचा उपयोग काय? आपली पोळीची चाळणीच वापरा.

त्यात एक चमचा इन्स्टंट यीस्ट, पाऊण चमचा मीठ, एक मोठा चमचा किसलेला गूळ, दोन मोठे चमचे दही, दोन मोठे चमचे तेल किंवा लोणी आणि साधारण २०० मिलिलिटर कोमट दूध. दूध किती कोमट? बाळाच्या बाटलीचे तपासतो तसे मनगटावर थेंब टाकून पाहायचे. काही जाणवले नाही तर बरोबर. हे काम धाकट्याचे. दुसऱ्या शनिवारचा अपराधी तोच असल्याने तो आता फार गंभीरपणे थेंब टाकतो. सगळे कालवून वीस मिनिटे तसेच झाकून ठेवा, मग मळा. कोंडा तेवढ्यात दूध शोषतो आणि मळायला निम्मे कष्ट पडतात. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला थोडे चिकटणारे हवे. मुले चिकटतंय म्हणून वरून सुके पीठ टाकत सुटतात. तिथे हात धरावा लागतो. बोटांना तेल लावा, पीठ नको. कोरडे वाटले तर उलट दोन चमचे दूध वाढवा.

मे महिन्यात आमच्या लोणीत हे पीठ पाऊण तासात दुप्पट होते. थंडीत दीड-दोन तास लागतात, तेव्हा पातेले डब्यात गुंडाळलेल्या चादरीत ठेवतो. या वेळात थोरलीने विचारले, “अम्मी, यीस्टमुळे दारू होते म्हणतात. मग पाव हलाल कसा?” प्रश्न रास्त आहे. गोव्यात पूर्वी पीठ आंबवायला माडाची ताडी वापरत, हे तिने कुठेतरी वाचले होते. यीस्ट हा सूक्ष्म जीव. तो साखर खातो आणि हवा सोडतो, त्याच वेळी थोडासा अल्कोहोलही तयार होतो. तो भट्टीच्या उष्णतेत उडून जातो आणि नशा आणणारे त्यात काही उरत नाही. उलेमांनी पावाला हलालच मानले आहे. बाजारातला केक किंवा बन घेताना मात्र पाकीट उलटून वाचायची सवय मुलांना लावा. हिरवा ठिपका पाहा, घटक वाचा आणि ‘प्रति १०० ग्रॅम साखर’ हा आकडा वाचा. आमच्या घरात हा आता खेळ झाला आहे: सगळ्यांत मोठा आकडा कोण शोधतो. पावाचे पीठ खुलवण्यासाठी आपल्याकडे पोटॅशियम ब्रोमेट चालत असे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पावाच्या नमुन्यांचा अहवाल दिला आणि त्यानंतर २०१६ मध्येच सरकारने त्यावर बंदी घातली. घरी केलेल्या पावात काय आहे हे निदान आपल्याला ठाऊक असते.

सारण खजुराचे. १५० ग्रॅम बिया काढलेले खजूर, तीन-चार चमचे पाणी घालून मंद आचेवर घोटायचे. वेलची, चिमूटभर सुंठ, भाजलेले तीळ. व्हॅनिला इसेन्स नको. बऱ्याच इसेन्समध्ये अल्कोहोल असतो आणि वेलचीपुढे त्याची गरजही नाही.

पीठ फुगले की त्याचे १९ गोळे. एकोणीसच का, तर मध्ये एक, त्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. असे ठेवले की मध्ये भोक राहत नाही आणि पोळ्याचा आकार येतो. हे मुलांना आधी सांगू नका. सागरगोटे किंवा बाटलीची बुचे देऊन मांडायला लावा. एका बुचाभोवती बरोबर सहाच बसतात, पाच ठेवले तर फट राहते, सात मावत नाहीत, हे स्वतःच्या हाताने कळल्यावर माझ्या मधलीचा चेहरा पाहण्यासारखा होता. पवित्र कुरआनात मधमाशीच्या नावाची सूरह आहे, सूरह अन्-नहल, सोळावी. त्या दिवशी मगरिबनंतर मुलांनी तिचा मराठी अनुवाद काढून बसून वाचला. मी सांगितले नव्हते.

प्रत्येक गोळा साधारण तीस ग्रॅमचा. हातावर थापून मध्ये चमचाभर सारण, तोंड नीट बंद करून, बंद केलेली बाजू खाली. नऊ इंची भांड्याला तेल लावून मांडा. अर्ध्या तासाने पुन्हा फुगले की वरून दूध लावून तीळ. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंचवीस मिनिटे. ओव्हन नसेल तर अडून राहू नका. मोठ्या कुकरच्या तळाशी दोन वाट्या जाड मीठ, त्यावर स्टँड. शिट्टी आणि रिंग काढून, पाणी अजिबात न घालता दहा मिनिटे तापवा. मग सहा इंची डब्यात सातच गोळे (एक मध्ये, सहा भोवती) ठेवून मंद-मध्यम आचेवर तीस-पस्तीस मिनिटे. वरचा रंग फिका राहतो, चवीला काही बाधा येत नाही. गरम असतानाच एक चमचा मध चमचाभर कोमट पाण्यात कालवून वरून लावा. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, एवढे लक्षात असू द्या.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या बाबतीत आपण स्वतःला फार फसवतो. गूळ, मध, खजूर घातले म्हणजे पदार्थ मधुमेहींना चालतो, हे खरे नाही. आपल्याकडे दौंड तालुक्यात गुऱ्हाळे आहेत, चांगला गडद गूळ मिळतो (फार पिवळाधमक गूळ हायड्रोस टाकून उजळलेला असू शकतो, तो घेऊ नका). पण गूळ ही मुख्यतः साखरच आहे. मधही तसाच, जागतिक आरोग्य संघटना त्याला वरून घातलेल्या साखरेतच मोजते आणि अशी साखर मोठ्या माणसाने दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सांगते. खजुराचाही जवळजवळ दोन-तृतीयांश भाग साखरच. थोरलीने गणित केले: आपल्या एका गोळ्यात एकूण सात ग्रॅमच्या आसपास साखर, त्यातली पाच खजुराची, तंतूंसकट. शिवाय सोळा ग्रॅम पीठ. म्हणजे एक गोळा हा लहान पोळीइतका धरायचा. डॉक्टरांनी दादींना तेच सांगितले: आठवड्यातून एकदा, एक गोळा, आणि त्या जेवणातली एक पोळी कमी. हा पाव बरा आहे तो गुळामुळे नव्हे. त्याचा घास मोजलेला आहे आणि त्यात काय गेले हे खाणाऱ्याने पाहिलेले आहे, म्हणून.

खायची पद्धतही यातच येते. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहान असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत जेवत होते आणि त्यांचा हात ताटभर फिरत होता. प्रेषितांनी त्यांना प्रेमाने तीन गोष्टी शिकवल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचे खा. सहीह बुखारीतील ही हदीस मी मुलांना कित्येकदा सांगितली होती. पण मध्ये एकच गोल पाव आणि सहा माणसे भोवती बसली की तिचा अर्थ सांगावा लागत नाही. मधला गोळा सगळ्यांत मऊ, सगळ्यांत जास्त मध त्यावर साचतो. मागच्या शनिवारी दादींचा हात नेमका तिकडे वळला. धाकट्याने हळूच त्यांची बांगडी धरली. “दादी, समोरचा.”

दादी हसल्या आणि समोरचा घेतला. मधला कोणी घ्यायचा यावरून पुढे जे भांडण झाले, ते काही सांगण्यासारखे नाही.

उरलेला पाव फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात चालतो; तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर गरम करायचा. दोन दिवसांपुढे ठेवू नये.

दादींची साखर आता १८० च्या आसपास असते. ती डॉक्टरांनी गोळी बदलल्याने आणि क्रीमरोल बंद झाल्याने, पावाला त्याचे श्रेय नाही. आणि बंद झाले असे तरी का म्हणू? गेल्या महिन्यात जिन्याखाली पुन्हा एक कागद सापडला. एकच होता. दोघांपैकी कोणाचा, ते मी विचारलेले नाही.