गोधडीची शिवण : पाव इंचाचा हिशेब आणि इस्त्रीची मेहनत

खान्देश हा कापसाचा मुलूख. जळगाव, चोपडा, अमळनेरपासून धुळे, शिरपूरपर्यंत शेतात कापूस, बाजारात कापड आणि गल्लीबोळांत शिलाई मशीन, असे चित्र दिसते. जळगावच्या फुले मार्केटमधून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरून नेलेले कापड दर्जीच्या दुकानात कापले जाते आणि रोज कतरण उरते. या कतरणीतून ठिगळांची गोधडी शिवून चार पैसे मिळवावेत, असा विचार अनेक भगिनींच्या आणि कारागीर बंधूंच्या मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु नवख्या हाताचा पहिला नग बहुधा दुकानदार परत करतो. रंग वाईट असतात म्हणून नव्हे, तर शिवण सरळ नसते आणि गोधडी सपाट बसत नाही म्हणून.

जुना हुनर, नवे काम

आपल्याकडची घरची गोधडी म्हणजे जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून वरून घातलेला धावदोरा. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात, तेव्हा तुकड्याची कडा बोटाने आत दुमडून थेट खालच्या थरावर शिवतात आणि कडेकडून मध्याकडे येतात. या दोन्ही कामांत माप थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते, कारण हात जागच्या जागी सांभाळून घेतो.

मशीनवरचे ठिगळकाम वेगळे आहे. येथे तुकडे आधी एकमेकांना जोडून वरचा पदर तयार होतो, मग अस्तर आणि मधला थर लागतो. म्हणून प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक टीप मापात हवी. कसलेल्या दर्जीलाही येथे दोन सवयी बदलाव्या लागतात. एक म्हणजे तो कपड्यात ढिली मार्जिन सोडतो, येथे मोजून पाव इंच हवी. दुसरी म्हणजे तो शिवण फाकवून इस्त्री करतो, येथे ती एका बाजूला दाबायची असते.

पाव इंच म्हणजे किती?

समजा, 60 बाय 90 इंचाची गोधडी करायची आहे आणि तयार चौकोन 5 इंचाचा हवा. दोन्ही बाजूंची मार्जिन धरून तुकडा साडेपाच इंच कापावा. आडव्या ओळीत 12 तुकडे, अशा 18 ओळी, म्हणजे एकूण 216 तुकडे. एका ओळीत 11 शिवणी येतात. आता मार्जिन फक्त अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेली असे धरा. शिवणीत दोन्ही तुकडे तेवढेच आत जातात, म्हणून प्रत्येक शिवणीत एक सूत कापड खाल्ले जाते. अकरा शिवणींत अकरा सूत, म्हणजे जवळजवळ दीड इंच! एक ओळ 60 इंच आणि तिच्या खालची साडेअठ्ठावन्न, तर त्या जुळणार कशा? मग ओढून शिवतात आणि चुण्या पडतात.

उपाय सोपा आहे. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत आणि कापडाची कडा त्याला टेकवून चालवावी. नंतर परीक्षा घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप एक धागाभर कडेकडे घ्यावी, कारण दुमडीतही थोडे कापड जाते. ही परीक्षा पास झाल्याशिवाय 216 तुकड्यांना हात लावू नये.

कापताना उभा-आडवा धागा पाहावा, काठ काढून टाकावेत. साधे सुती कापड असेल तर 14 नंबरची सुई आणि इंचाला दहा-बारा टाके पुरे. नवे सुती कापड आधी धुऊन घ्यावे. जुने कापड आटून बसलेले असते, नवे नंतर आटते आणि शेजारची शिवण आवळते. लाल व गडद निळ्या रंगाचे पाणी आधीच काढावे.

इस्त्री फिरवू नये, दाबावी

शर्टावर इस्त्री फिरवतात, शिवणीवर ती ठेवून उचलायची असते. फिरवली तर कापड ताणले जाते, आणि तुकडा क्रॉसमध्ये कापलेला असेल तर चौकोनाचा पतंग होतो. आधी शिवण जशी आहे तशीच मिटलेली दाबावी, म्हणजे धागा कापडात बसतो. मग वरचा तुकडा उलगडून सुलट बाजूने दाबावे.

शिवण एका बाजूला का? फाकवलेल्या शिवणीत सगळा ताण धाग्यावर येतो आणि टाक्यांतून आतला कापूस डोकावतो. रजई भरणाऱ्या पिंजारी बंधूंना हे सांगायला नको. दोन तुकड्यांची जोडी असेल तर शिवण गडद रंगाकडे दाबावी, म्हणजे फिक्या कापडातून कडा दिसत नाही. पूर्ण ओळ असेल तर पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे आणि दुसरीच्या डावीकडे दाबाव्यात. ओळी जोडताना दोन्ही दुमडी एकमेकींना अडतात, ते बोटाला कळते. तेथे टाचणी लावली की चारही कोपरे एका बिंदूवर येतात. मुख्य नियम एवढाच की, न दाबलेल्या शिवणीवरून दुसरी टीप मारू नये.

कतरणीत टेरिकॉट मिसळलेले असते, ते गरम इस्त्रीने आकसते. शंका आली तर एक धागा जाळून पाहावा. सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. असे तुकडे बाजूला काढावेत. कोळशाची इस्त्री असेल तर खाली ओलसर मलमल घ्यावी. वीज गेली तर लाकडी पट्टीच्या कडेने शिवण घासून बसवावी आणि वीज आल्यावर दाबावी.

व्यापारी बंधूंसाठी

माल घेताना गोधडी चार पदरी घडी करून पाहावी. चारही कोपरे जुळले तर शिवण बरोबर आहे. परंतु नग परत करण्यापूर्वी आपण मजुरी कशाची देतो, याचाही विचार व्हावा. नगावर ठरलेल्या दरात बहुधा टिपेचे पैसे धरले जातात, इस्त्रीचे नाहीत. मग घरी शिवणारी भगिनी वेळ वाचवण्यासाठी इस्त्री सोडते, नग बिघडतो, तिचा दिवस उसवण्यात जातो आणि आपला माल पडून राहतो. काम देताना साडेपाच इंचाचा पुठ्ठ्याचा साचा सोबत द्यावा, कापड धुऊन द्यावे आणि दर ठरवताना इस्त्रीचा वेळ व विजेचा खर्च धरावा. नगामागे थोडे जास्त जातील, पण नग परत येणार नाही.