गंधार गाळलेली गाणी
(कानोसा : भाग ९)

मागच्या भागात हेवी मेटलचा गोंगाट झाला. त्यावर येलदरी कॅम्पवरच्या एका वाचकाने विचारलंय, ‘पॉप पंक म्हणजे पंकमध्येच पाणी घालून वाढलेलं का?’ प्रश्न खोचक आहे, आणि खुद्द पंकवाले त्यावरून गेली तीस वर्षं भांडतायत. उत्तरासाठी आधी पेटी उघडू. सप्ताहात वाजते तीच.

काळी एक सा धरा आणि सोबत पंचम, म्हणजे काळी चार. आता मधे पांढरी चार, शुद्ध गंधार, दाबला की सुरांचा मेळ हसरा होतो. त्याऐवजी पांढरी तीन, कोमल गंधार, दाबला की तोच मेळ उदास. पंकचा गिटारवाला हा गंधारच गाळतो. नुसता सा आणि प, फार तर वरचा सा. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ही आळसातून निघालेली युक्ती नव्हे. अॅम्प्लिफायर आवाज फाटेपर्यंत चढवला की सुरांमधून आणखी सूर फुटतात, आणि त्यात गंधार असला तर सगळ्याचा चिखल होतो. सा-प मात्र तेवढ्या कल्लोळातही खणखणीत राहतात. शिवाय बोटांची ठेवण एकच, ती जशीच्या तशी गिटारच्या दांडीवर वरखाली सरकवायची. सा, म, प या तीन जागा सापडल्या की गाणं उभं. हसायचं की रडायचं, ते मात्र गिटार सांगत नाही. ते काम गायकाच्या चालीवर येऊन पडतं. वाचकाच्या प्रश्नाची मेख इथंच आहे.

उदाहरणाला पंकमधलाच एक बँड घेऊ. ‘द रमोन्स’ म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली, फॉरेस्ट हिल्सची चार पोरं. नात्यागोत्याचा संबंध नाही, पण चौघांनी रमोन हे एकच आडनाव लावलं. १९७६ च्या फेब्रुवारीत सुमारे ६,४०० डॉलरमध्ये, आठवड्याभरात त्यांचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला आणि एप्रिलमध्ये बाजारात आला. गाणी चौदा, एकूण वेळ २९ मिनिटं. लांबलचक सोलो नाही, आलाप नाही, निरोपाची लांबण नाही.

त्यात गिटारवाल्या जॉनी रमोनचा उजवा हात ऐकण्यासारखा आहे. तारेवर फटका फक्त वरून खाली. हात परत वर जाताना तारेला शिवायचं नाही. सेकंदाला साधारण सहा फटके, तेही गाणं संपेपर्यंत. घरी नुसतं हवेत करून बघा, दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं. पंकला रियाज लागत नाही म्हणणाऱ्यांनी तर जरूर करून बघावं.

आणखी एक गंमत. या अल्बमवर बास गिटार डाव्या बाजूला आहे आणि गिटार उजव्या. बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डांसारखी ही विभागणी मुद्दाम केली होती. येलदरीहून जिंतूरला जाणाऱ्या एसटीत दोन पोरांनी एका इअरफोनची दोन टोकं वाटून घेतली, तर एकाच्या कानात बास घुमेल आणि दुसऱ्याच्या कानात गिटार खरवडेल. दोघं उतरताना दोन वेगळ्या बँडबद्दल वाद घालतील. मंडपवाल्याने मिक्सरला एकच वायर जोडली तर संपलंच.

आता चालींकडे या. गायक जोई रमोनचा जीव साठच्या दशकातल्या पॉपवर, रॉनेट्स आणि शांग्री-लाज अशा मुलींच्या गटांवर होता. या पहिल्याच अल्बमवर क्रिस माँटेझचं १९६२ चं नाचाचं गाणं आहे. म्हणजे गोडवा नंतरच्या कुणी बाहेरून आणून मिसळलेला नाही; गंधार गाळून रिकाम्या ठेवलेल्या जागेत तो पहिल्या दिवसापासून होता. वाचकाला माझं उत्तर हेच.

पुढच्या पिढीने याची साक्ष फार मजेशीर पद्धतीने काढली. १९९२ मध्ये शिकागोच्या ‘स्क्रीचिंग वीझल’ या पॉप पंक बँडने रमोन्सचा हा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा वाजवून रेकॉर्ड केला. मग तो पायंडाच पडला. न्यू हॅम्पशायरच्या ‘द क्वीअर्स’नी रमोन्सचाच १९७७ चा अल्बम ‘रॉकेट टू रशिया’ घेतला, शिकागोच्याच ‘व्हिंडिक्टिव्ज’नी ‘लीव्ह होम’, आणि बर्कलीच्या ‘मिस्टर टी एक्सपीरियन्स’ने ‘रोड टू रुइन’. नक्कल म्हणून नाकं मुरडणारे होतेच. पण हरिपाठ गावोगाव तोच म्हटला जातो, म्हणून शेजारच्या गावावर चोरीचा आळ कुणी घेतो का? क्रम पाठ, चाल पाठ, तरी प्रत्येक मंडळाचा गळा वेगळा. यातला क्वीअर्सचा गळा मला सर्वांत भावतो. ते मूळचे बीच बॉइजचे भक्त, त्यामुळे गोंगाटाच्या मागे आवाजाला आवाज लावायचं त्यांना बरोबर कळतं.

१९९४ च्या फेब्रुवारीत ‘ग्रीन डे’ या पॉप पंक बँडचा ‘डूकी’ हा अल्बम आला आणि मामला कोटींच्या घरात गेला. जगभरात सुमारे दोन कोटी प्रती. पण बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवकांनी चालवलेल्या ज्या हॉलमध्ये ही पोरं घडली, तिथे मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मज्जाव होता. नियम तो नियम. घरच्याच पोरांना दार बंद झालं. मला हा नियम तेव्हाही कोता वाटला होता, आजही वाटतो.

आपल्याकडे हे बियाणं मुंबईत रुजलं. ‘द लाइटइयर्स एक्सप्लोड’ या पॉप पंक बँडच्या अल्बमचं नाव आहे ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’. नाव वाचून शत्रुघ्न सिन्हांचा सिनेमा आठवतो, आणि तो आला होता नेमका १९७६ साली, रमोन्सच्या अल्बमच्याच वर्षी. गाणी इंग्रजीत आहेत. मराठीत असा अख्खा अल्बम माझ्या कानावर अजून आलेला नाही. खरं तर दोन मिनिटांत मुद्द्यावर येऊन गप्प बसणं आपल्या भाषेला जड जायचं कारण नाही. जिंतूरकडच्या बोलीला तर मुळीच नाही. पेटी आहे, ढोलकी आहे, गंधार तेवढा गाळायचा.

पुढच्या आठवड्यात : ड्रमवाला एक-दोन-तीन-चार मोजतो, तेव्हा नेमकं कोण कोणाची वाट बघत असतं?